अजून दुखतंय?

विचारणाऱ्याचा सगळा जोर 'अजून'वर असतो. 'दुखतंय'वर नसतो. पहिल्या महिन्यात लोक नुसतं "दुखतंय का गं?" विचारायचे, तेव्हा डबे यायचे, मऊ भात यायचा, शेजारच्या काकू रोज संध्याकाळी दारातूनच तोंडाला पदर लावून चौकशी करायच्या (अहो चिकनगुनिया माणसाकडून माणसाला होत नाही, मधे डास लागतो, हे सांगून सांगून मी थकले). मग दिवाळीच्या सुमाराला त्या वाक्यात 'अजून' शिरला आणि आज सोळा महिने झाले, तो काही हलायला तयार नाही. माझ्या बोटांसारखाच.

तर चिकनगुनिया. ऑगस्ट 2024, पुणे, सिंहगड रोड. त्या पावसाळ्यात पुण्यात काय आणि नागपुरात काय, जो भेटेल तो लंगडतच भेटत होता, आमच्या सोसायटीत तर मजल्यागणिक एक. मला रात्री साडेनऊला भांडी आवरताना थंडी वाजली, अकराला ताप 103, आणि पहाटे बाथरूमला जायला म्हणून पाय खाली टेकवला तर घोट्यातून अशी कळ आली की मी तिथेच खाली बसले. मग रांगत गेले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, शाळेच्या ऑफिसात रजेच्या अर्जांवरून भल्याभल्या शिक्षकांना धारेवर धरणारी, आणि स्वतःच्या घरात टाइल्सवरून रांगतेय, नवरा मागून "उचलू का, अगं उचलू का" करतोय आणि मी त्याला हात लावू देत नाहीये कारण जिथे हात लावेल तिथे दुखतंय.

तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं. डेंग्यू निगेटिव्ह, चिकनगुनिया पण निगेटिव्ह. मला तर हायसं वाटलं, नुसता व्हायरल आहे म्हणून मी दोन नातेवाइकांना फोनसुद्धा केले. नंतर कळलं की ती टेस्ट अँटीबॉडीची होती आणि अँटीबॉडी रक्तात दिसायलाच पाचेक दिवस जावे लागतात, त्याआधी बघायचं असेल तर पीसीआर करावी लागते. आठव्या दिवशी पुन्हा केली, पॉझिटिव्ह. तोपर्यंत अंगावर पुरळ येऊन गेलं होतं आणि नाकाच्या शेंड्यावर काळपट डाग पडला होता, कोळसा लागल्यासारखा. त्या वर्षी पुष्कळांना पडला तो. भाजीवाली म्हणाली, "ताई, वांग आला का?" म्हटलं, हो बाई, ह्या वयात तेवढाच राहिला होता.

औषध म्हणजे पॅरासिटामॉल आणि पाणी. बाकी पेनकिलर आधी डेंग्यू नाही हे पक्कं होईपर्यंत घ्यायच्या नाहीत, कारण डेंग्यू असला आणि वरून त्या गोळ्या पडल्या तर रक्तस्रावाची भीती. व्हायरसवर थेट असं औषध नाहीच. हे ऐकून माझ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मग एवढी फी कशाची?"

महिनाभर मी शेजारच्या बांधकामाला शिव्या घातल्या. तिथे खड्ड्यात पाणी, पिंपात पाणी, तिथूनच आलाय डास, सोसायटीच्या ग्रुपवर मी दोन कडक मेसेज टाकले, फोटोसकट. मग महापालिकेची माणसं घरोघर तपासणीला आली, त्यातल्या एका पोरानं बॅटरी घेतली, स्वयंपाकघरात गेला, फ्रिज पुढे ओढला आणि मागचा तो ट्रे दाखवला, ज्यात पाणी साठतं आणि जो मी गेल्या सात वर्षांत एकदाही काढला नव्हता. त्यात अळ्या वळवळत होत्या. मनीप्लँटच्या बाटलीतही होत्या. पोरगं शांतपणे म्हणालं, ह्याला घाण पाणी चालत नाही मॅडम, स्वच्छच लागतं, आणि हा दिवसाच चावतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करायचं, आणि नुसतं ओतून नाही तर आतून घासायचं, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात आणि महिनोन्‌महिने कोरडी राहिली तरी मरत नाहीत. हा डास काही लांब जात नाही, जन्मला त्याच्या आसपासच फिरतो, आणि चावते ती मादीच. म्हणजे मला चावली तिचं माहेर बहुतेक माझ्याच फ्रिजमागे होतं. ग्रुपवरचे ते दोन मेसेज मी डिलीट केले, पण तोवर ब्लू टिक आल्या होत्या.

ताप सहा दिवसांत गेला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ऐकायला आवडते, कारण तिला सुरुवात आहे, शेवट आहे, मधे अळ्या आहेत. पुढे जे आहे त्याला गोष्ट म्हणता येत नाही. रोज तेच.

सकाळी जाग आली की मी आधी हलत नाही. पडल्या पडल्या हजेरी घेते. डावा घोटा, उजवा घोटा, दोन्ही मनगटं, मग बोटं एकेक. उजव्या हाताची मधली दोन बोटं सगळ्यात वात्रट, ती उठतच नाहीत. मूठ वळत नाही, म्हणजे वळते पण आत लिंबू धरल्यासारखी अर्धीच. पूर्वी मी सहाला उठायचे, आता पाचला उठते, तो एक तास बोटांना उठवायला लागतो. घमेल्यात कोमट पाणी, त्यात हात, समोर मोबाइलवर भजन किंवा बातम्या, काहीही. चहाचा कप दोन्ही हातांनी. सात-साडेसातला हात जरा माणसात येतो आणि मग दिवस सुरू होतो, आणि गंमत म्हणजे दहा वाजता ऑफिसात मला बघणाऱ्याला काहीही दिसत नाही. सूज असली तर थोडी, तीही साडीवाल्या बायकांच्या हाताकडे कोण बघतंय. मी चालते, बोलते, हसते, जिना मात्र कठडा धरून चढते. उतरताना जास्त त्रास होतो, हे आधी माहीतच नव्हतं मला, वाटायचं चढणंच अवघड असतं.

दुधाची पिशवी कात्रीनं कापायची. बाटलीचं झाकण नवऱ्याकडे द्यायचं. कुकरचं झाकण लावता येतं पण काढता येत नाही. किल्ली फिरवताना डावा हात. अ‍ॅक्टिव्हाचा ब्रेक दाबताना एका थंड सकाळी बोटं वळलीच नाहीत आणि मी समोरच्या रिक्षाच्या मागे अलगद जाऊन टेकले, तेव्हापासून थंडीत बस. आणि सही! माझी सही म्हणजे एक लांब वळण आणि खाली दोन टिंबं, तीस वर्षांची जुनी. ते वळण आता हातातून निघत नाही, मधेच कोन होतो. चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. बँकेत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम, रेकॉर्डवर आहे तशी करा. म्हटलं, बाळा, तीच तर अडचण आहे ना.

तीन महिने झाले तरी राहिलं तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी सांध्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे आमवाताच्या म्हणजे आरए वगैरेच्या सगळ्या टेस्ट झाल्या आणि सगळ्या निगेटिव्ह आल्या, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर तेवढा वाढलेला. मी विचारलं, व्हायरस अजून आहे का अंगात? ते म्हणाले, रक्तातून तो आठवड्याभरातच जातो. "मग हे काय?" तर म्हणाले, "वऱ्हाड गेलं, मांडव उतरवायचा राहिलाय." तुमच्या शरीरानं त्याच्याशी लढायला जी तयारी केली ती सांध्यांत तशीच चालू आहे, बऱ्याच जणांत ती आपोआप शांत होते, काहींत महिने लागतात, काहींत वर्षं. किती वर्षं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, हातातली पर्स घट्ट धरून बसले. धरली म्हणजे अर्धीच.

आधी एचसीक्यूच्या म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या, त्यासाठी डोळ्यांचा पडदा तपासून घेतला. त्यानं भागलं नाही म्हणून मग मेथोट्रेक्सेट, ही आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज चुकूनही नाही, नवऱ्यानं पाकिटावर लाल पेनानं "फक्त मंगळवार" लिहून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी. मधून मधून रक्त तपासायचं, लिव्हर आणि पेशी ठीक आहेत ना म्हणून. फिजिओथेरपीत हात गरम मेणात बुडवतात आणि वर मेणाचा मोजा तयार होतो, तेवढी वीस मिनिटं मला जगाबद्दल काही तक्रार नसते. बाकी निर्गुडीचा पाला, महारास्नादी काढा, तिळाचं तेल, गुळवेल, कोंबडीच्या पायांचं सूप, सगळं सुचवून झालंय लोकांचं. शेक बरा वाटतो. बाकीच्याबद्दल मी मान हलवते आणि घरी येऊन डॉक्टरांची गोळी घेते.

सूपवरून आठवलं. 2006 साली ही साथ आपल्याकडे परत आली तेव्हा पुष्कळांना हा आजार कोंबडीपासून होतो असंच वाटायचं, कारण नावात 'चिकन' आणि त्यात त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबारकडे नवापूरला बर्ड फ्लू झालेला. आमच्या आईनं अंडीसुद्धा बंद केली होती. खरं तर नावाचा चिकनशी काहीच संबंध नाही. 1952-53 साली पूर्व आफ्रिकेत, तेव्हाच्या टांगानिकात म्हणजे आताच्या टांझानियात, दक्षिणेकडच्या नेवाला जिल्ह्यात मोठी साथ आली आणि तिथल्या माकोंडे लोकांनी आपल्या भाषेत त्याला हे नाव दिलं, अर्थ साधारण असा की माणसाला वाकवून टाकणारं. किती नेमकं! आपण उगाच 'पोस्ट-व्हायरल अमुक तमुक' म्हणत बसतो. वाकवणारं, संपलं.

हे मी वाचलं रात्री तीनला. दुखणाऱ्या माणसाचं शिक्षण रात्री तीनलाच होतं. एका रात्री रियुनियन नावाच्या बेटाबद्दल वाचलं, हिंदी महासागरातलं फ्रेंचांचं, 2005-06 मधे तिथली एक तृतीयांश माणसं ह्यानं आजारी पडली होती. नंतर तिथल्या रुग्णांची पाहणी केली तर पंधरा महिन्यांनीही निम्म्याहून जास्त लोक दुखतंय म्हणत होते. पंचेचाळीसच्या वरचं वय, सुरुवातीलाच जोरदार दुखणं आणि आधीपासून झिजलेले सांधे, अशांना जास्त. माझ्याकडे तिन्ही. कुणाला विचित्र वाटेल पण मला इतकं बरं वाटलं ते वाचून, म्हणजे एक अख्खं बेट आहे जिथे मला कुणी 'अजून?' विचारणार नाही.

आणि मग दुसऱ्या एका रात्री भारतातल्या साथींची यादी समोर आली. 1963 कलकत्ता. मग मद्रासकडे. 1965 नागपूर. 1973 बार्शी. त्यानंतर बत्तीसेक वर्षं मोठी साथ नाही, थेट 2005-06, तेव्हा देशभरात जवळपास चौदा लाख संशयित रुग्ण.

बार्शी, जिल्हा सोलापूर. मी उठून बसले.

आमचं मूळ घर बार्शीचं. लहानपणी मे महिन्यात कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसायचं. घर माळवदाचं, वर जायला दगडी जिना, एकेक पायरी गुडघ्याएवढी. माझी थोरली काकू तो जिना उलटी उतरायची. म्हणजे तोंड पायऱ्यांकडे, वरच्या पायरीला दोन्ही हात टेकलेले आणि मग एकेक पाय खाली, रांगतं मूल पलंगावरून उतरतं तशी. आम्ही सहा-सात पोरं खाली उभी राहून तिची नक्कल करायचो. मी सगळ्यात हुबेहूब करायचे, मला सगळे पुन्हा पुन्हा करायला लावायचे, "काकू कर, काकू कर" म्हणून. ती वरून बघायची आणि हसायची सुद्धा.

आजीचं ठरलेलं वाक्य होतं, "हिला काम दिसलं की हिचं गुडघं दुखत्यात." आणि काकूचंही ठरलेलं, कुणी विचारलं तर, "त्या मोठ्या तापानं धरलंय बाई, सोडंना." कसला मोठा ताप ते कुणी विचारलं नाही. आम्हाला वाटायचं असेल टायफॉइड वगैरे, आणि टायफॉइडनं काय दहा-बारा वर्षं गुडघे दुखतात? म्हणजे बहाणाच. तिच्या भाकरीवरूनही बोलायचे सगळे. मधे जाड, कडेला जाड, फुगायची नाही. आजी पानावरून उचलून दाखवायची, "ही बघा आमच्या सूनबाईची भाकरी, उंबऱ्याला ठोकली तर उंबरा फुटंल." जेवणारे हसायचे. मीही.

आता मला माहितीये भाकरी पातळ कशानं होते. तळव्यानं ती फक्त पसरते, कड पातळ करायला बोटांची पुढची पेरं लागतात, त्यांनीच दाबत दाबत परात फिरवायची असते. जी पेरं सकाळी वळत नाहीत ती. आणि काकू भाकऱ्या सकाळी सहाला करायची, तेरा माणसांच्या, घमेलंभर कोमट पाण्याचा तास तिला कोण देणार होतं.

काकूचं सगळं दुखणं 1973 च्या त्या तापाचंच होतं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. दहा-बारा वर्षं म्हटल्यावर माझ्या डॉक्टरांनीही भुवया वर केल्या, नंतर वयाचा संधिवातही मिसळला असेल म्हणाले. असेल. पण 72 च्या दुष्काळानंतरचं साल, पाणी मिळेल तेव्हा भरून ठेवायचं, त्या घरात रांजण, हंडे, घंगाळं, मागचा हौद, सगळं काठोकाठ आणि झाकणं कुणाकडे होती? माझ्या फ्रिजच्या ट्रेचे ते सगळे आजे-पणजे. आणि काकू तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, विशीतली पोरगी. गावात अर्धी गल्ली अंथरुणात असताना पाणी भरायला नवी सूनच उठली असणार, हे सांगायला मला कुठला कागद नको.

ऑफिसातलंही एक सांगून टाकते. 2016 च्या सुमाराला आमच्या शाळेतल्या एक सेविका मावशी चिकनगुनियातून उठून कामावर आल्या होत्या आणि बादल्या उचलता येत नाहीत, खालच्या मजल्यावर ड्यूटी द्या म्हणून माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. मी रिपोर्ट मागितला. रिपोर्ट नॉर्मल होता. मी काय म्हटलं असेन ते सांगायला नको, तोच शब्द. गेल्या वर्षी मी स्वतः पायऱ्या टाळायला ऑफिस खाली हलवा म्हणून अर्ज दिला तेव्हा मला रिपोर्ट मागितला गेला, आणि तो नॉर्मल होता.

डॉक्टर दर वेळी विचारतात, दहापैकी किती दुखतंय? मी चार सांगते. कधी पाच. पण तो आकडा ते कागदावर लिहितात ना, तेवढ्यानं माझं अर्धं काम होतं खरं सांगायचं तर. काकूला आयुष्यात कुणी दहापैकी किती असं विचारलं नाही. तिनं किती सांगितलं असतं कोण जाणे, बहुधा "तुमी सांगाल तेवढं" म्हणाली असती.

ह्या डिसेंबरात थंडी जास्त आहे आणि बोटांनी पुन्हा संप केलाय. परवा रविवारी हट्टानं ज्वारीची भाकरी करायला बसले, दोन केल्या, तिसरी तव्यावर टाकताना मोडली. लेक जेवता जेवता म्हणाली, आई, जाड झालीये गं. तिचं काही चुकलं नाही, जाडच झाली होती. मी जेवण आवरून बार्शीला फोन लावला, चुलतभावाला. काकूला जाऊन पंधरा वर्षं झाली, पण दादा तिच्याजवळच राहायचा शेवटपर्यंत, म्हटलं त्याला आठवत असेल ती कुठलं तेल लावायची, कुणाचं औषध घ्यायची, शेकायला काय वापरायची. ऊस, पाणी, पोरांची अ‍ॅडमिशनं सगळं बोलून झाल्यावर विचारलं, दादा, काकूच्या सांध्यांना काय लावायचे रे?

"कुणाच्या, आईच्या?" दादा म्हणाला. "आईला कुठं काय झालतं?"